त्रिकोणांत सांपडलेले चुंबक

पावसाळ्यांतील एका दुपारीं मैदानावर पाणी साचल्यामुळें खेळाचा तास होऊं शकला नाहीं, म्हणून आम्हीं मुलांना वर्गांतच बसवून एक लहानसें कोडें घातलें. प्रत्येकानें तीन नाणीं घेऊन तीं त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर ठेवावयाचीं. नियम एकच: कोणत्याही दोन शेजारच्या नाण्यांची वरची बाजू सारखी असतां कामा नये. एकावर छाप असेल तर दुसऱ्यावर कांटा पाहिजे.

मुलें मोठ्या उत्साहानें कामाला लागलीं. पहिलें नाणें छाप, दुसरें कांटा, आतां तिसरें? तें छाप ठेवावें तर पहिल्याशीं भांडतें, कांटा ठेवावें तर दुसऱ्याशीं. पांच मिनिटें गेलीं, दहा गेलीं. कोणाचेंच कोडें सुटेना. शेवटीं मागच्या बांकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, "सर, तिसरें नाणें कडेवर उभें केलें तर चालेल काय?" सारा वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, परंतु त्याच्या प्रश्नाचें नीट उत्तर त्या दिवशीं आमच्याकडून दिलें गेलें नाहीं. तें कर्ज आमच्यावर राहिलें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या कर्जाची फेड होय.

कोणी म्हणेल, नाण्यांच्या या खेळांत शास्त्र तें काय? तर ज्या पेंचांत आमचे विद्यार्थी त्या दुपारीं सांपडले, त्याच पेंचांत कांहीं स्फटिकांतील अणु सदैव सांपडलेले असतात. आणि अणूंच्या या पेंचाचा अभ्यास करतां करतां, 'पुरेशी थंडी पडली कीं प्रत्येक पदार्थ निमूटपणें एका ठराविक व्यवस्थेंत बसतो,' या जुन्या समजुतीसच धक्का बसला. म्हणून हा विषय थोडा कठीण असला तरी विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं तो धीर धरून वाचावा, अशी आमची विनंति आहे.

प्रथम चुंबकाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. पदार्थाच्या प्रत्येक अणूंत इलेक्ट्रॉन असतात, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक अत्यंत सूक्ष्म चुंबक असतो. पुष्कळशा पदार्थांत हे इलेक्ट्रॉन जोडीजोडीनें राहतात, व जोडींतील दोघांचीं तोंडें परस्परविरुद्ध असल्यामुळें त्यांचा परिणाम नाहींसा होतो. लोखंड, निकेल, मँगॅनीज अशा कांहीं मूलद्रव्यांच्या अणूंत मात्र जोडीवांचून राहिलेले इलेक्ट्रॉन असतात, आणि त्यामुळें तो सबंध अणुच एक लहानसा चुंबक बनतो. त्याला आपण या लेखापुरतें 'अणुचुंबक' म्हणूं.

हे अणु स्फटिकांत अस्ताव्यस्त पडलेले नसतात. कवाईतीच्या वेळीं मुलें जशीं ठराविक अंतरावर रांगेनें उभीं राहतात, तसेच ते ठराविक जागीं बसलेले असतात. आणि प्रत्येक अणुचुंबक आपल्या शेजाऱ्याकडे पाहून स्वतःची दिशा ठरवितो. लोखंडांतील शेजाऱ्यांना एकाच दिशेस तोंड करावेंसें वाटतें. म्हणून लोखंडांत कोट्यवधि अणुचुंबकांचें बळ एकवटतें व खिळे उचलणारा चुंबक तयार होतो. उष्णता ही या शिस्तीची शत्रु आहे. लोखंड सुमारे ७७० अंश सेंटिग्रेडच्या वर तापविलें, कीं अणूंच्या धडपडीमुळें ही शिस्त मोडते व त्याचें हें चुंबकत्व नष्ट होतें.

परंतु सर्वच पदार्थांतील शेजारी असे एकविचाराचे नसतात. कांहीं पदार्थांत प्रत्येक अणुचुंबकाला शेजाऱ्याच्या उलट दिशेस तोंड करावयाचें असतें. एकाचें तोंड वर, तर दुसऱ्याचें खालीं. असे पदार्थ असले पाहिजेत, हें लुई नेएल या फ्रेंच शास्त्रज्ञानें इसवी सनाच्या १९३० नंतरच्या दशकांत दाखविलें. या व अशा संशोधनाबद्दल त्यांना १९७० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या पदार्थांत जितके चुंबक वर तोंड करितात तितकेच खालीं करितात; म्हणून बाहेरून पाहणाऱ्यास चुंबकत्व मुळींच दिसत नाहीं. व्यवस्था तर संपूर्ण, परंतु ती डोळ्यांआड! ती प्रत्यक्ष दिसली १९४९ सालीं. अमेरिकेंत क्लिफर्ड शल व सॅम्युअल स्मार्ट यांनीं मँगॅनीज ऑक्साइड थंड करून त्यावर न्यूट्रॉनांचा झोत सोडला. न्यूट्रॉनास विद्युद्भार नसतो, परंतु तो स्वतः एक सूक्ष्म चुंबक असतो. त्यामुळें तो पदार्थाच्या आंत शिरतो व अणुचुंबकांवरून विखुरतांना त्यांच्या रचनेची खूण घेऊन बाहेर पडतो. त्या खुणांवरून 'एक वर, एक खालीं' ही मांडणी सिद्ध झाली.

आतां बुद्धिबळाचा पट डोळ्यांपुढें आणा. पांढऱ्या घराच्या चारी बाजूंस काळीं घरें व काळ्याच्या चारी बाजूंस पांढरीं. चौकोनी जाळींत 'शेजारी उलट असावा' हा नियम कितीही मोठ्या पटावर बिनतक्रार पाळतां येतो. परंतु तोच पट त्रिकोणी घरांच्या कोपऱ्यांचा केला, कीं आमच्या वर्गांतील फजिती उभी राहते. तीन नाण्यांच्या एकंदर आठ मांडण्या होतात. त्यांपैकीं दोन, म्हणजे सर्व छाप किंवा सर्व कांटा, अगदींच वाईट; त्यांत तिन्ही जोड्या नाराज. उरलेल्या सहांत दोन जोड्या संतुष्ट व एक नाराज. याहून चांगली मांडणी नाहीं, आणि या सहांपैकीं कोणतीही एक दुसरीहून सरस नाहीं. दोष नाण्यांचा नव्हे, मांडणाऱ्याचाही नव्हे. दोष त्रिकोणाचा आहे. अणूंच्या बसण्याच्या आकृतीमुळेंच ज्यांच्या सर्व इच्छा एकाच वेळीं पुऱ्या होऊं शकत नाहींत, अशा चुंबकांस आपण 'कुंठित चुंबक' म्हणूं. या अवस्थेस 'फ्रस्ट्रेशन' हें नांव १९७७ सालीं जेरार्ड तुलूझ या फ्रेंच शास्त्रज्ञानें दिलें. परंतु त्रिकोणी जाळीचें गणित ग्रेगरी वॅनियर यांनीं १९५० सालींच करून दाखविलें होतें. अशा जाळींतील सारख्याच चांगल्या मांडण्यांची संख्या अणूंच्या संख्येबरोबर अतोनात वाढत जाते, असें त्यांना आढळलें.

येथें त्या मागच्या बांकावरील मुलाचा प्रश्न पुनः येतो. नाणें कडेवर उभें करणें, म्हणजे 'छापही नव्हे, कांटाही नव्हे' अशी तिसरी वाट काढणें. कांहीं स्फटिकांत निसर्ग नेमकें हेंच करितो! जेथें अणुचुंबकास केवळ वर किंवा खालीं नव्हे, तर कोणत्याही दिशेस वळण्याची मोकळीक असते, तेथें त्रिकोणांतील तिघे चुंबक एकमेकांशीं १२० अंशांचा कोन करून उभे राहतात. कोणाचीच इच्छा पूर्ण होत नाहीं, पण कोणी एकटाच नागवलाही जात नाहीं. तिघेही सारखाच तोटा सोसतात. अशा १२० अंशांच्या मांडण्या अनेक त्रिकोणी स्फटिकांत आढळल्या आहेत. म्हणजे तो मुलगा खेळाच्या नियमाप्रमाणें चुकला, परंतु निसर्गाच्या एका युक्तीपर्यंत आपल्या आपण जाऊन पोंचला होता.

मात्र ज्या स्फटिकांत ही मोकळीक नाहीं, तेथें काय होतें? याचें उत्तर समजण्यासाठीं क्षणभर चुंबक बाजूस ठेवून आपल्या परिचयाच्या बर्फाकडे वळूं.

बर्फांत प्रत्येक ऑक्सिजन अणूच्या भोंवतीं चार ऑक्सिजन अणु असतात, आणि प्रत्येक दोन शेजाऱ्यांमधील रेषेवर एक हायड्रोजन अणु असतो. हा हायड्रोजन मध्यभागीं नसतो. तो एका शेजाऱ्याच्या जवळ व दुसऱ्यापासून दूर असतो. पाण्याच्या रेणूंत ऑक्सिजन एक व हायड्रोजन दोन; म्हणून प्रत्येक ऑक्सिजनच्या चार हायड्रोजनांपैकीं दोन जवळ व दोन दूर असले पाहिजेत. हा नियम बर्नाल व फाउलर यांनीं १९३३ सालीं सांगितला. परंतु चारांपैकीं कोणते दोन जवळ, हें कोण ठरविणार? तें ठरविणारें कोणीच नाहीं.

पदार्थांत मांडणीचे किती प्रकार संभवतात, याचें माप शास्त्रज्ञ 'एंट्रॉपी' या राशीनें घेतात. निरपेक्ष शून्य उष्णमानास, म्हणजे बर्फ वितळण्याच्या बिंदूखालीं सुमारें २७३ अंशांवर, परिपूर्ण स्फटिकाची मांडणी एकच उरावी व एंट्रॉपी शून्य व्हावी, असा सर्वमान्य सिद्धांत होता. परंतु कॅलिफोर्नियांत विल्यम जिओक यांच्या प्रयोगशाळेंत बर्फाची उष्णता काळजीपूर्वक मोजली असतां हिशेब जुळेना. थोडी एंट्रॉपी हिशेबांतून नाहींशी झालेली दिसे. प्रयोग चुकला असें म्हणून हें सोडून देणें सोपें होतें. तसें कोणी केलें नाहीं. १९३५ सालीं लायनस पॉलिंग यांनीं साधें गणित मांडलें. एका ऑक्सिजनच्या भोंवतीं चार हायड्रोजन, प्रत्येकाच्या जागा दोन; एकूण प्रकार १६. त्यांपैकीं 'दोन जवळ, दोन दूर' असे प्रकार केवळ ६. दर रेणूमागें हायड्रोजन दोन, म्हणून मूळचे प्रकार ४. त्यांस ६ भागिले १६ नें गुणिलें, कीं उत्तर येतें दीड. म्हणजे बर्फांत एक रेणु वाढला, कीं मांडण्यांची संख्या दीडपट होते! दहा रेणूंच्या सुमारें ५७ मांडण्या. शंभर रेणूंच्या ४ वर १७ शून्यें देऊन होणाऱ्या संख्येहूनही अधिक. या 'दिडी'वरून काढलेली एंट्रॉपी होती ०.८०६ एकक, पुढें १९३६ सालीं जिओक व स्टाउट यांनीं मोजून काढलेली होती ०.८२. इतकें सुंदर जुळणारें उत्तर विज्ञानांत क्वचितच मिळतें. बर्फ अत्यंत थंड झाला तरी त्याच्या आंत ही अव्यवस्था गोठलेलीच राहते.

आतां पुनः चुंबकाकडे. १८२६ सालीं नॉर्वेंतील एका खनिजाचें वर्णन प्रसिद्ध झालें. तें ज्वालेंत तापविलें असतां हिरवें होतें, म्हणून ग्रीक भाषेंतील 'अग्नि' व 'हिरवा' या अर्थाच्या शब्दांवरून त्यास पायरोक्लोर असें नांव मिळालें. याच्यासारखी अणुरचना असलेलीं अनेक संयुगें पुढें प्रयोगशाळेंत बनविण्यांत आलीं. त्यांत डिस्प्रोशियम टायटॅनेट व होल्मियम टायटॅनेट हीं दोन आपल्या उपयोगाचीं आहेत. त्यांची रचना समजण्यास घरींच एक आकृति करा. सहा सारख्या लांबीच्या काड्या व चार भिजविलेले हरभरे घ्या. तीन काड्यांचा त्रिकोण करून त्यावर बाकीच्या तीन काड्या टोकाशीं जुळवून उभ्या करा. चार कोपरे व चार त्रिकोणी बाजू असलेला एक मनोरा तयार होईल. असे अनेक मनोरे करून कोपऱ्यास कोपरा जोडा, म्हणजे प्रत्येक हरभरा दोन मनोऱ्यांस सामाईक होईल. या हरभऱ्यांच्या जागीं त्या स्फटिकांत डिस्प्रोशियमचे किंवा होल्मियमचे बलवान अणुचुंबक बसलेले असतात.

भोंवतालच्या ऑक्सिजन अणूंच्या प्रभावामुळें या चुंबकांस वाटेल तिकडे वळतां येत नाहीं. प्रत्येकाची दिशा मनोऱ्याच्या मध्याकडे जाणाऱ्या रेषेवरच असते. तोंड आंत किंवा तोंड बाहेर, एवढीच काय ती निवड. आणि त्यांच्या परस्परांवरील प्रभावाचा हिशेब केला, तर सर्वांत कमी शक्तीची स्थिति कोणती निघते? दोघांचें तोंड आंत, दोघांचें बाहेर! बर्फांतील 'दोन जवळ, दोन दूर' हाच तो नियम. येथेंही दर मनोऱ्याच्या १६ मांडण्यांपैकीं ६ चालतात. येथेंही दर मनोऱ्यामागें चुंबक दोनच पडतात. म्हणून येथेंही तीच 'दिडी'. हें साम्य १९९७ सालीं हॅरिस, ब्रॅमवेल व त्यांचे सहकारी यांनीं होल्मियम टायटॅनेटमध्यें ओळखलें व अशा पदार्थांस 'स्पिन आइस', म्हणजे चुंबकांचा बर्फ, असें नांव पडलें. १९९९ सालीं आर्थर रामिरेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं डिस्प्रोशियम टायटॅनेट निरपेक्ष शून्याच्या अगदीं जवळ नेऊन त्याची उष्णता मोजली. आणि पॉलिंग यांच्या गणितानें सांगावी जवळजवळ तितकीच एंट्रॉपी त्यांना शिल्लक आढळली. चौसष्ट वर्षांपूर्वीं पाण्याच्या बर्फासाठीं केलेलें गणित ज्यांत पाण्याचा थेंबही नाहीं अशा दगडासारख्या पदार्थांत उपयोगी पडलें.

पुढची गोष्ट याहूनही नवलाची आहे. चुंबकाचे दोन तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यास उत्तर व दक्षिण असे दोन्ही ध्रुव असतात; एकटा ध्रुव वेगळा काढतां येत नाहीं, असें आपण पाठ्यपुस्तकांत वाचतों. आतां चुंबकांच्या या बर्फांत दोन मनोऱ्यांस सामाईक असलेला एकच अणुचुंबक उलटला असें समजा. लगेच एका मनोऱ्यांत तीन तोंडें आंत व एक बाहेर अशी स्थिति होते. दुसऱ्यांत एक आंत व तीन बाहेर. पहिला मनोरा उत्तर ध्रुवासारखा वागतो, दुसरा दक्षिण ध्रुवासारखा. त्यानंतर पुढचा एक चुंबक उलटला, कीं हा ध्रुव पुढच्या मनोऱ्यांत सरकतो. याप्रमाणें हे दोन ध्रुव एकमेकांपासून दूर दूर भटकूं शकतात. हा विचार कास्तेलनोव्हो, मोस्नर व सोंधी यांनीं २००८ सालीं मांडला, आणि २००९ सालीं न्यूट्रॉनांच्या साहाय्यानें केलेल्या प्रयोगांनीं त्यास पुष्टि मिळाली. अर्थात् हे ध्रुव स्फटिकाच्या बाहेर काढून कुपींत भरतां येत नाहींत, व एक उत्तर निर्माण झाला कीं एक दक्षिणही होतोच. म्हणून पाठ्यपुस्तकांतील नियम खोटा ठरला असें कोणीं समजूं नये. परंतु स्फटिकाच्या आंत ते एकएकटे हिंडतात, हें मात्र खरें.

पेंचांत सांपडलेल्या चुंबकांची आणखी एक जात आहे. जपानी भाषेंत टोपलीच्या एका विणीस 'कागोमे', म्हणजे टोपलीचे डोळे, असें म्हणतात. आपल्याकडेही बुरूड बांबूच्या पट्ट्यांची अशी जाळीदार टोपली विणतात. तींत सहा बाजूंच्या भोंकांभोंवतीं लहान लहान त्रिकोण दिसतात. हर्बर्टस्मिथाइट या हिरवट खनिजांत तांब्याचे अणु नेमके याच विणींत बसलेले असतात. हें खनिज ब्रिटिश म्युझियममधील खनिजशास्त्रज्ञ हर्बर्ट स्मिथ यांच्या नांवानें ओळखलें जातें, व २००५ सालीं अमेरिकेंत तें प्रयोगशाळेंत शुद्ध रूपांत तयार करण्यांत आलें. त्यांतील शेजाऱ्यांचा परस्परांवरील जोर इतका आहे, कीं सुमारें २०० अंश केल्व्हिनच्या आसपासच त्यांनीं एका मांडणींत बसावयास पाहिजे होतें. परंतु निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या विसाव्या भागापर्यंत थंड केलें तरी ते स्थिर झाले नाहींत. गोठण्याचें नांवच न घेणाऱ्या अशा स्थितीस 'क्वांटम स्पिन द्रव' म्हणतात. तिची कल्पना फिलिप अँडरसन यांनीं १९७३ सालीं मांडली होती. हें खनिज त्या कल्पनेचें खरेंखुरें उदाहरण आहे किंवा नाहीं, याविषयीं तज्ज्ञांचा वाद अद्याप चालूच आहे. कारण त्यांत कांहीं तांब्याचे अणु जस्ताच्या जागीं जाऊन बसतात व त्यामुळें मापनांत घोटाळा होतो.

अशा शोधांसाठीं लागणारे न्यूट्रॉन अणुभट्टींत मिळतात. आपल्या मुंबईजवळ ट्रॉम्बे येथें १९५६ सालीं अप्सरा व १९८५ सालीं ध्रुव ही अणुभट्टी सुरू झाली, आणि तेथील न्यूट्रॉनांच्या झोतांनीं चुंबकीय पदार्थांच्या रचनेचा अभ्यास झालेला आहे. म्हणजे ही विद्या केवळ परदेशांतील नव्हे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

हा लेख लिहिण्यापूर्वीं आम्हीं ही हकीकत एका पालकांना सांगितली, तेव्हां त्यांनीं सरळ विचारलें, "हें सर्व ठीक, पण याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. गॅडोलिनियम गॅलियम गार्नेट हा असाच एक कुंठित चुंबक. त्यास प्रबळ चुंबकीय क्षेत्रांत ठेवलें, कीं त्याचे अणुचुंबक रांगेंत येतात व उष्णता बाहेर टाकतात. क्षेत्र काढून घेतलें, कीं ते पुनः विस्कळित होतात व तो पदार्थ अधिक थंड होतो. कुंठित असल्यामुळें फार थंडींतही ते स्वतः होऊन रांग धरीत नाहींत, म्हणून अत्यंत कमी उष्णमान निर्माण करण्याच्या यंत्रांत हा पदार्थ उपयोगी पडतो. दुसरा उपयोग विचारांचा. ज्यांतील सर्व इच्छा एकाच वेळीं पुऱ्या होत नाहींत, अशा अव्यवस्थित चुंबकांचें गणित जॉर्जो पारिसी यांनीं सोडविलें व त्यांना २०२१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच प्रकारच्या चुंबकांपासून सूचना घेऊन जॉन हॉपफील्ड यांनीं १९८२ सालीं स्मरणशक्ति असलेल्या यंत्रजाळ्याचा नमुना मांडला, आणि २०२४ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वांटा होता. परंतु पॉलिंग यांनीं बर्फाचें गणित मांडलें तेव्हां यांतील कांहींच त्यांच्या स्वप्नांतही नसेल. हिशेबांत थोडीशी तूट होती. ती लपवून न ठेवतां तिचें कारण शोधावें, एवढाच त्यांचा हेतु होता.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेंतील बहुतेक उदाहरणांना एकच उत्तर असतें, आणि तें असावेंही. परंतु एखादें उदाहरण कितीही प्रयत्न करून सुटेनासें झालें, तर 'मीच मूर्ख' असें म्हणून वही मिटूं नका, किंवा शेवटल्या पानावरील उत्तर पाहून आंकडे ओढूनताणून जुळवूंही नका. एकदां त्या उदाहरणाची आकृति नीट पहा. कदाचित् ती त्रिकोणाची असेल. आणि मग 'याला बिनतक्रार उत्तर नाहीं, परंतु सारखींच चांगलीं उत्तरें सहा आहेत,' असें सिद्ध करून दाखविणें हेंच त्याचें खरें उत्तर ठरेल.

राहतां राहिला तो मागच्या बांकावरील मुलगा. बाळा, नाणें कडेवर उभें केलेलें खेळांत चालणार नाहीं. परंतु असा प्रश्न पुनः सुचला तर सारा वर्ग हंसला तरी तो अवश्य विचार. आम्ही या वेळीं हंसणार नाहीं.